मोनेच्या चित्रांतले दोन पूल: रेल्वेचा कोणता, रस्त्याचा कोणता?

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं ‘आर्जांतयचा पूल’ नेटवर शोधायला जा, एकाच नावाखाली दोन वेगळे पूल समोर येतात. आर्जांतय हे पॅरिसजवळचं गाव. नदी तीच, सीन. शिडाच्या होड्या दोन्हीकडे. सालंही १८७३-७४ च्या आसपासची. त्यामुळे घोटाळा ठरलेलाच. त्यात पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात दोन्ही पुलांची चित्रं आहेत, म्हणजे संग्रहालयाच्या नावावरूनही उलगडा होत नाही.

सरळ खांबांकडे बघा. रस्त्याचा पूल कमानींचा, दगडी खांबांवर उभा. टोकाला टोल घेणाऱ्यांचं घर. रेल्वेच्या पुलाला कमान नाहीच. गोल खांबांच्या जोड्या आणि त्यांवर ठेवलेला सरळसोट लोखंडी गाळा, नक्षीबिक्षी काही नाही. वर इंजिनाचा धूर दिसला तर प्रश्नच मिटला.

१८७०-७१ च्या प्रशिया या जर्मन राज्याबरोबरच्या युद्धात दोन्ही पूल उद्ध्वस्त झाले होते. मोने १८७१ च्या अखेरीस आर्जांतयला राहायला आला तेव्हा दुरुस्ती चालू होती. १८७२ मध्ये त्यानं रस्त्याचा पूल लाकडी परांचीसकट रंगवला. तो पाहून अनेकांना हा तिसराच कुठला तरी पूल वाटतो, आहे तोच.

मला स्वतःला रेल्वेचा पूल जास्त आवडतो. रस्त्याच्या पुलाच्या चित्रात नजर आधी पाण्यावर जाते: नांगरलेल्या होड्या, तुटक फटकाऱ्यांतली प्रतिबिंबं. पूल बाजूला उभा. रेल्वेच्या पुलाला असं बाजूला सारता येत नाही, तो चित्राला आडवा छेदून जातो. खांबांचा उन्हातला भाग जवळजवळ पांढरा, सावलीतला निळसर. धूरही ढगांच्याच रंगांत काढलेला. हा लोखंडी सांगाडा निसर्गाच्या आड आलाय असं म्हणावं, तर खालच्या होड्यांचं काय? रविवारी नौकाविहाराला येणारे पॅरिसकर सँ-लाझार स्थानकावरून आगगाडीनंच येत. ती शिडंही रेल्वेचीच देणगी.

ऑर्सेतच मोनेचं १८७५ च्या सुमाराचं कोळसा उतरवणाऱ्या हमालांचं चित्र आहे. त्यातही सीन आणि लोखंडी पुलाची कमान आहे, म्हणून तेही कधीकधी या गठ्ठ्यात येतं. पण ते आर्जांतय नव्हे, सीनकाठचंच दुसरं गाव आन्येर. पडावांपासून काठापर्यंत टाकलेल्या अरुंद फळ्यांवरून मजूर कोळसा वाहताहेत. घाम गाळणारी माणसं अशी मध्यभागी आणणं मोनेच्या कामात फार विरळा.