कोंबडा मनोऱ्यावर कसा चढला: वातकुक्कुटांची पार्श्वभूमी

शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या वातकुक्कुटाचे चित्र बहुतेकांनी पाहिलेले असते: उभा दांडा, त्यावर फिरणारा कोंबडा, खाली चार दिशा. युरोपात हिंडायला लागले की हा कोंबडा जागोजागी चर्चच्या टोकावर खरोखरच बसलेला दिसतो. मग लक्षात येते की सगळीकडे कोंबडाच नाही. लंडनच्या एका चर्चवर ड्रॅगन आहे, बॉस्टनच्या सभागृहावर नाकतोडा, व्हेनिसच्या जुन्या जकातघरावर सोन्याच्या गोळ्यावर उभी असलेली देवी आणि लॉर्ड्सच्या मैदानावर बेल्स उचलणारा दाढीवाला म्हातारा. हे हेरत, टिपत फिरणाऱ्यांचा एक छोटासा वर्ग आहे. त्यांचा छंद कळायचा तर आधी दोन गोष्टी पाहायला हव्यात: वारा कोणाला कळायला हवा होता, आणि आपण गावाच्या माथ्यावर दिसावे असे कोणाला वाटत होते.

अथेन्समधला वाऱ्यांचा मनोरा हे नेहमीचे सुरुवातीचे ठिकाण. किर्‍हस गावच्या अँड्रोनिकसने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास संगमरवरात बांधलेली ही अष्टकोनी इमारत साधारण १२ मीटर उंच आहे. आठ बाजूंवर आठ वारे कोरले आहेत. उत्तरेचा बोरेअस जाड अंगरखा घालून शंख फुंकतो, दक्षिणेचा नोटोस घडा पालथा करून पाऊस पाडतो, पश्चिमेचा झेफिरस ओच्यातून फुले उधळतो. माथ्यावर हातात काठी घेतलेला कांस्याचा ट्रायटन हा समुद्रदेव फिरत असे आणि वारा ज्या बाजूने येई त्या बाजूच्या मूर्तीवर काठी धरून थांबे, असे रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने लिहून ठेवले आहे. ट्रायटन केव्हाच गेला, वारे शाबूत आहेत. आत पाण्याचे घड्याळ आणि बाहेरच्या भिंतींवर सूर्यघटिका होत्या. म्हणजे हा काही नुसता शोभेचा प्रकार नव्हता. बंदरावर अवलंबून असलेल्या शहराने वेळ आणि वारा एकाच चौकात मांडून ठेवला होता.

कोंबडा आला तो धर्माच्या पाठीवर बसून. कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील, असे येशूने पीटरला सांगितले होते. त्यामुळे कोंबडा हे पश्चात्तापाचे आणि जागे राहण्याचे चिन्ह ठरले. नवव्या शतकात पोप चौथा लिओ याने रोमच्या जुन्या सेंट पीटर्सवर कोंबडा बसवला, आणि पुढे पोप पहिला निकोलस याने प्रत्येक चर्चवर तो असावा असे फर्मान काढले, असे परंपरेने सांगितले जाते. फर्मानाचे काही असो, प्रत्यक्ष पुरावा इटलीतल्या ब्रेशिया गावी आहे. बिशप राम्पेर्तोने बनवून घेतलेला नवव्या शतकातला कोंबडा तिथल्या सांता जुलिया संग्रहालयात ठेवलेला आहे. टिकून राहिलेल्या कोंबड्यांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो. अकराव्या शतकातल्या, फ्रान्समधल्या बायो गावच्या प्रसिद्ध भरतकामात वेस्टमिन्स्टर ॲबीवर कोंबडा बसवणारा माणूसही दिसतो. आमच्या मते कोंबडा टिकला याला धर्माइतकीच त्याची शेपूट कारणीभूत आहे. वाऱ्याने ढकलायला एवढे मोठे, उभे आणि सुटसुटीत पाते दुसऱ्या फारशा प्राण्यांना नसते.

उत्तरेकडे व्हायकिंगांची तऱ्हा वेगळी. सोन्याचा मुलामा दिलेला कांस्याचा पत्रा, साधारण पाव वर्तुळाच्या आकाराचा, आणि त्याच्या वक्र कडेला ओळीने भोके. भोकांत फिती किंवा धातूचे तुकडे अडकवत. ही पाती जहाजावर असत. पुढे त्यातली काही चर्चवर चढली आणि म्हणूनच वाचली. स्वीडनमधल्या सोडेराला इथले पाते स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आहे. कोरीव जाळीत गुंतलेला प्राणी नीट पाहायचा तर काचेपुढे बराच वेळ घालवावा लागतो. मध्ययुगात छपरावरचे फिरते निशाण सरदारी मानाचे झाले. फ्रान्समध्ये घरावर ते लावण्याचा हक्क सरदार घराण्यांकडे होता. त्या काळच्या गढ्यांवर म्हणून कोंबड्यांपेक्षा कुळचिन्हे जास्त सापडतात.

शिडांच्या जहाजांच्या काळात वारा हा राजकारणाचा विषय झाला. लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात राजा तिसऱ्या विल्यमसाठी १६९४ मध्ये भिंतीवर एक तबकडी बसवली. छपरावरच्या पात्याला दांडे आणि दंतचक्रे जोडून आतला काटा फिरतो, आणि तो आजही चालतो. हा विल्यम १६८८ मध्ये हॉलंडहून पूर्वेच्या वाऱ्यावरच आरमार घेऊन इंग्लंडला पोचला होता, तेव्हा त्याला वाऱ्याची किंमत कोणी सांगायला नको होती. नौदल मुख्यालयाच्या बैठकीच्या खोलीतही अशीच तबकडी आहे. व्हेनिसच्या जकातघरावर सतराव्या शतकात बर्नार्दो फाल्कोनीने घडवलेली भाग्यदेवता फिरते. समुद्रावर पैसा लावणाऱ्या शहराला यापेक्षा नेमके दैवत शोधूनही सापडले नसते.

सगळ्यांत अवजड उदाहरण स्पेनमधल्या सेव्हियाचे. तिथल्या कॅथेड्रलच्या हिराल्दा मनोऱ्यावर १५६८ मध्ये चढवलेली ‘हिराल्दियो’ ही ख्रिस्ती श्रद्धेला स्त्रीरूप देणारी कांस्यमूर्ती सुमारे साडेतीन मीटर उंच आणि टनापेक्षा जड आहे. तिच्या हातातली मोठी ढाल हेच तिचे पाते. एवढे वजन एका आसावर तोलून फिरवायचे म्हणजे आतल्या लोखंडी सांगाड्यावर सगळा भार, आणि शेवटी दगा दिला तो त्यानेच. १९९९ मध्ये मूर्ती खाली उतरवली, २००५ मध्ये दुरुस्त होऊन परत चढली.

हीच दुखणी लहान पात्यांनाही असतात. पाते चालायला दोन अटी आहेत. आसाच्या दोन्ही बाजूंना वजन सारखे हवे, क्षेत्रफळ मात्र शेपटीकडे जास्त हवे. शेपूट मोठी म्हटली की ती जड होणारच, म्हणून कारागीर डोक्यात किंवा छातीत शिसे भरतात. वजन बिघडले किंवा दांडा कलला तर मंद वाऱ्यात पाते नेहमी एकाच बाजूला झुकून थांबते. दुसरा दोष धातूंचा. तांब्याचा कोंबडा थेट लोखंडी दांड्यावर बसवला आणि मध्ये पाणी गेले की लोखंड भराभर गंजते, गंज फुगतो आणि पाते जाम होते. चांगल्या कामात मध्ये पितळी किंवा कांस्याची नळी असते आणि दांड्याच्या टोकाशी पोलादी गोळी.

अमेरिकेतला बॉस्टनचा नाकतोडा १७४२ चा, शेम ड्राउन या ताम्रकाराने केलेला. तांब्याचा, मुलामा दिलेला, डोळे काचेचे. लंडनच्या रॉयल एक्स्चेंज या जुन्या व्यापारकेंद्रावर ग्रेशम घराण्याचा सोनेरी नाकतोडा आहे, त्याच्याशी नाते सांगणारा. १७५५ च्या भूकंपात बॉस्टनचा नाकतोडा खाली पडला, १९७४ मध्ये चोरीला गेला आणि काही दिवसांनी त्याच इमारतीच्या घुमटीत सापडला. जॉर्ज वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननच्या घरावर १७८७ मध्ये चोचीत ऑलिव्हची डहाळी धरलेले कबूतर बसवून घेतले. एकोणिसाव्या शतकात मात्र हा धंदा कारखान्यात गेला. लोखंडी साच्यात तांब्याचा पत्रा ठोकून दोन अर्धे काढायचे, डाख देऊन जोडायचे आणि वर मुलामा. पुण्याच्या तांबट आळीत ज्याने काम पाहिले आहे त्याला ही रीत लगेच उमगेल. धावता घोडा, गाय, बाण असे नमुने छापील यादीतून मागवता येऊ लागले आणि शेतकऱ्याच्या गोठ्यावरही घोडा दिसू लागला. पुढे हीच पाती लोककला म्हणून लिलावात गेली. २००६ मध्ये एक तांब्याचे पाते ५० लाख डॉलरच्या वर विकले गेले, आणि छपरांवरून चोऱ्या का होतात याचे उत्तर मिळाले.

भारतात चर्चवरचा कोंबडा पाहायचा तर कोलकात्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चचा. १८१८ मध्ये हे स्कॉटिश चर्च उघडले, तेव्हा त्यांचे पाद्री ब्राइस आणि अँग्लिकन बिशप मिडलटन यांचा कळसावरून वाद झाला. बिशपच्या डोक्यावर आरवेल असा कोंबडा बसवीन, असे ब्राइस म्हणाले आणि त्यांनी तो बसवला, अशी आख्यायिका आहे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या कौलांवर दिसणारे मातीचे कोंबडे मात्र या यादीत धरू नयेत. ते फिरत नाहीत. खरे वारा मोजणारे पाते आपल्याकडे वेधशाळेत भेटते. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरची इमारत म्हणूनच अजून सिमला ऑफिस. वेधशाळेचे पाते मोकळ्या जागेत जमिनीपासून १० मीटर उंचीवर लावायचे आणि जवळच्या अडथळ्यापासून त्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दहापट लांब, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. छपराच्या कडेला लावलेले शोभेचे पाते गरगरत राहते ते या नियमाच्या अभावी. तिथे वाराच भोवऱ्यात सापडलेला असतो.

लॉर्ड्सचा तो दाढीवाला म्हातारा, ‘फादर टाइम’, क्रिकेटमुळे आपल्याकडेही ओळखीचा. नवी दिल्लीच्या सचिवालयाचे वास्तुविशारद हर्बर्ट बेकर यांनीच १९२६ मध्ये तो क्लबला भेट दिला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने अडवायला सोडलेल्या संरक्षक फुग्याची तार अडकून तो खाली आला, १९९२ मध्ये त्याच्यावर वीज पडली, २०१५ मध्ये वादळी वाऱ्याने मोडला. वाऱ्याची दिशा सांगणाऱ्याला वाऱ्यानेच मोडावे, हा विनोद इंग्रजांनी भरपूर करून झाला आहे.

पाती टिपायची असतील तर हा सगळा इतिहास खिशात ठेवून आधी वाऱ्याचा अंदाज पाहावा. पाते वाऱ्याकडे तोंड करते. म्हणून त्याची पूर्ण बाजू दिसते ती वाऱ्याला काटकोनात उभे राहिल्यावर. समोरून किंवा मागून पत्र्याची नुसती रेघ दिसते. पश्चिम युरोपात वारा बहुतेकदा नैर्ऋत्येचा. अशा दिवशी आग्नेयेला उभे राहिले तर सकाळचे ऊन पाठीशी मिळते. वायव्येची जागा उन्हाळ्याच्या संध्याकाळी उपयोगी, तिथे सूर्य त्या बाजूला मावळतो. पायथ्याशी उभे राहू नये, पोटच दिसते. मनोरा ५० मीटरचा असेल तर ८० मीटर मागे जावे. तिथून पाते सुमारे ९४ मीटरवर येते, आणि एक मीटरचा कोंबडा ४०० मिलिमीटरच्या लेन्सने २४ मिलिमीटर उंचीच्या सेन्सरवर जेमतेम ४ मिलिमीटर भरतो. म्हणजे चौकटीचा सहावा भाग. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याचा इथे फायदाच होतो. हातात धरून घ्यायचे तर शटर सेकंदाचा हजारावा भाग ठेवावा. उजळ आकाशापुढे काळे पाते नुसती सावली होते, तिथे उघडीप (एक्स्पोजर) एक ते दीड ‘स्टॉप’ वाढवावी. ताजा मुलामा असेल तर उलट कमी करावी, नाहीतर सोने पांढरेफटक येते. भर दुपारी तापलेल्या छपरांवरून घेतलेला फोटो थरथरतो, त्याला लेन्स काही करू शकत नाही. दुर्बिणीने पाते शोधताना सूर्य जवळपास असेल तर डोळा लावूच नये.

पाते खरे बोलते का हेही तपासावे. ढगांशी तुलना चुकते, कारण उंचावरचा वारा जमिनीलगतच्या वाऱ्याच्या दिशेचा नसतो. जवळचा झेंडा किंवा धुराडे बघावे, पण झेंडा वाऱ्याबरोबर फडकतो आणि पाते त्याच्या उलट, हे विसरू नये. नोंदीत गाव, इमारत, तारीख, आकार, धातू, आणि फिरते की अडकले आहे एवढे हवे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा: वर आहे ते मूळ की नक्कल. ब्रेशियाचा मूळ कोंबडा संग्रहालयात आहे. सेव्हियात उलट. मूळ मूर्ती वर आहे आणि दुरुस्तीच्या काळात तिची जागा सांभाळणारी नक्कल आता कॅथेड्रलच्या दारापाशी जमिनीवर उभी आहे. ढालीचे आणि कपड्याच्या चुण्यांचे जवळून फोटो हवे असतील तर तिथेच घ्यावेत, साध्या ५० मिलिमीटरच्या लेन्सने.