ऊन अंगी कधी लागतं?

सोलापुरात मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो आणि मे महिन्यात ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. मुंबईहून आलेला पाहुणा भर दुपारी नव्या पेठेत एक चक्कर मारून आला, की डोकं धरून बसतो. त्याच उन्हात दिवसभर हातगाडी ढकलणारा माणूस मात्र ‘आम्हाला सवय हाय’ म्हणतो. ही सवय म्हणजे शरीरात नेमकं काय घडतं, हे शास्त्रज्ञांनी बारकाईनं तपासलं आहे. ते समजून घेतलं तर काटकपणाबद्दलचा आपला एक मोठा गैरसमज दूर होतो.

रोज थोडा थोडा वेळ उन्हात काम केलं, तर पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. उन्हात राबताना स्नायूंना रक्त हवं असतं आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीलाही हवं असतं. प्लाझ्मा वाढला की हृदयाची ही ओढाताण कमी होते आणि नाडी संथ पडते. मग घामात फरक पडतो. तो लवकर सुटतो, जास्त येतो आणि कमी खारट असतो, कारण अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक घामातलं मीठ बाहेर पडण्याआधीच परत शोषून घ्यायला लावतं. एक लिटर घाम पुरता वाळला, तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण वाळला तरच. आपल्या कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत उडतो, त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं याचा अंदाज लागत नाही. उलट, वारा न खेळणाऱ्या यंत्रमागाच्या कारखान्यात घाम नुसता निथळतो. अंगावरून ओघळून फरशीवर पडलेल्या घामानं शरीर गार होत नाही, पाणी आणि मीठ तेवढं जातं.

हे बदल पक्के व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. उन्हातलं काम सुटलं की काही आठवड्यांत ते विरूनही जातात. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खोल खाणींत म्हणूनच नव्या कामगारांना आधी काही दिवस गरम, दमट खोल्यांत ठेवून त्यांची तयारी करून घेत. अमेरिकेतली ‘नायॉश’ ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी संस्था सांगते, की नव्या माणसाला उन्हात पहिल्या दिवशी नेहमीच्या २० टक्केच वेळ काम द्यावं आणि मग रोज आणखी २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये. जुना, सरावलेला कामगार सुट्टीवरून परतला तर त्यानंही ५० टक्क्यांपासून सुरुवात करावी. आपल्याकडे बांधकामावर मे महिन्यात आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी लावतात आणि ‘बघू टिकतो का’ म्हणतात. हे क्रूर आहे. उष्माघाताचा सर्वांत जास्त धोका याच पहिल्या काही दिवसांत असतो.

आता गैरसमजाकडे येतो. काटक माणूस म्हणजे न थकणारा, न वाकणारा, असं आपण धरून चालतो. शरीराचा हिशेब वेगळा आहे. ताण ही फक्त मागणी असते; बांधणी होते ती त्यानंतरच्या पाण्यात, जेवणात आणि झोपेत. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकएवन यांनी १९९३ साली याची दुसरी बाजू मांडली. संकटात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढणं गरजेचंच असतं, पण काम झाल्यावर ते उतरलं पाहिजे. दिवसामागून दिवस ते उतरलंच नाही, तर रक्तदाब वाढतो, पोटावर चरबी साठते, स्मरणशक्ती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसलाही झळ पोचते. पत्र्याच्या खोलीत दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला रात्री त्याच तापलेल्या पत्र्याखाली झोपावं लागतं. शरीराचं आतलं तापमान थोडं उतरल्याशिवाय गाढ झोप लागत नाही. तिची सोसण्याची ताकद कमी नाही, तिला सावरायला रात्रच मिळत नाही. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारणं, खिडकीला ओली चादर बांधणं हे आपले जुने उपाय कोरड्या हवेत खरोखर काम करतात, कारण पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं. पाण्याची टंचाई नसेल तिथंच ते जमतं, हेही खरं.

मनाचंही असंच आहे, आणि त्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९६७ साली मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काही केलं तरी न थांबणारे विजेचे झटके सोसलेली कुत्री पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही बहुधा पडून राहिली. प्राणी हतबलता शिकतात, असा निष्कर्ष तेव्हा निघाला. पुढे मायर यांनी मेंदूचा अभ्यास केला आणि २०१६ साली दोघांनी स्वतःचाच सिद्धान्त उलटवला. लांबलेल्या त्रासात गळून जाणं हा मेंदूचा मूळचाच प्रतिसाद असतो. शिकावं लागतं ते ‘यातलं काहीतरी माझ्या हातात आहे’ हे. कपाळामागचा मेंदूचा भाग हे ओळखतो आणि खोलवरची घबराट आवरतो.

म्हणून खचलेल्या माणसाला ‘खंबीर हो’ सांगण्यात अर्थ नाही. त्याला हातात धरता येईल असं छोटं काम द्यावं. आज कर्जाचा कागद नुसता वाचून काढायचा, किंवा सकाळी ऊन चढायच्या आत कंबर तलावाला एक फेरी मारायची. केलं आणि झालं, एवढं मेंदूला पुन्हा पुन्हा दिसलं पाहिजे.

हे एकट्यानं होत नाही. हवाई बेटांतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, आईवडिलांचा आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली, कर्तबगार निघाली. त्यांच्यात एक गोष्ट वारंवार दिसली: आजी, शिक्षक, शेजारी, असं निदान एक मोठं माणूस त्यांना धरून होतं. उरलेल्यांपैकीही अनेक जण तिशी-चाळिशीपर्यंत मार्गाला लागले. कुणाला पुन्हा शिकायची संधी मिळाली, कुणाला चांगला जोडीदार भेटला.