नैसर्गिक मच्छररोधकं (मंडप-मैदानावरच्या कामासाठी)

अंगाला लावायची तेलं, पाला आणि धूर यांनी मच्छर-चिलटं लांब ठेवायची पद्धत. इथे ती नागपुरातले बिछायतवाले, कॅटरर, साउंड-लाईटवाले, गार्ड आणि सफाई कामगार यांच्यापुरती पाहिली आहे, कारण कस्तुरचंद पार्क असो की रेशीमबाग, पाहुणे दोन तास बसून घरी जातात आणि हे लोक दुपारपासून पहाटेपर्यंत तिथंच असतात. त्यांना दोन्ही पाळ्यांचे मच्छर चावतात: डेंग्यू पसरवणारा पांढऱ्या पट्ट्यांचा एडिस सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी, आणि हत्तीरोगवाला क्युलेक्स अंधार पडल्यावर.

विदर्भाचं स्वतःचं म्हणावं असं तेल रोशा गवताचं. त्याच्या नावांचा गुंता मोठा आहे आणि दुकानात चुकीची बाटली हातात येते ती त्यामुळेच, म्हणून जरा सविस्तर. संस्कृत ग्रंथांतलं ‘रोहिष’ म्हणजे हेच गवत असं बरेच जण धरतात, ‘भूस्तृण’ला मात्र कोणी गवती चहा म्हणतं तर कोणी दुसरंच सुगंधी गवत. नुसत्या वर्णनावरून हा वाद मिटण्यासारखा नाही, तरी रोहिष म्हणजे रोशा हे मत जास्त पटण्यासारखं वाटतं. सिम्बोपोगॉन मार्टिनी या शास्त्रीय नावातलं ‘मार्टिनी’ हे लखनौच्या जनरल क्लॉड मार्टिनवरून आलं, त्याने टिपूविरुद्धच्या युद्धात, म्हणजे साधारण १७९० च्या आसपास, बालाघाटात या गवताचं बी गोळा केलं असं वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने नोंदवलंय. हा बालाघाट म्हणजे आपल्या शेजारचा जिल्हा नव्हे, दक्षिणेतला घाटमाथ्याचा प्रदेश, नाव वाचून गल्लत होते. पुढे १९०६ मध्ये ऑटो स्टाप्फ या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतातल्या तेलगवतांची नीट फोड केली, आज साधारण तीच मानतात. रोशाच्या दोन जाती, मोतिया आणि सोफिया, दिसायला जवळजवळ सारख्याच, पण मच्छरांना न आवडणारं जिरॅनिऑल भरपूर असतं ते मोतियात. हेच तेल मुंबईहून तुर्कस्तानात जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. सिट्रोनेला हे याच कुळातलं पण वेगळं गवत, गवती चहा तिसरं.

तेल किती वेळ टिकतं यावर अभ्यासांत प्रचंड फरक आहे. १९९३ च्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल तेलात २ टक्के कडुलिंबाचं तेल मिसळून लावल्यावर मलेरियाच्या ॲनोफिलिसपासून १२ तास संरक्षण मिळालं असं आलं. २००२ च्या अमेरिकन चाचणीत सिट्रोनेलावाली उत्पादनं २० मिनिटंही टिकली नाहीत आणि २३.८ टक्के डीट (हे रासायनिक मच्छररोधक) मात्र सरासरी पाच तास टिकलं. मच्छर वेगळे, तेलं वेगळी, चाचणीची पद्धतही वेगळी, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. पण खुर्च्या उचलून घामाघूम झालेल्या माणसाने लहान आकडाच धरून चालावं, म्हणजे बाटली खिशात ठेवावी आणि पुन्हा पुन्हा लावावं. वनस्पतीजन्य पर्यायांत जास्त भरवशाचं आहे ते लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारं पीएमडी. मेडिकलमध्ये सर्दीसाठी मिळतं ते निलगिरी तेल वेगळं, त्यात हे नसतं.

सुश्रुतात मोहरी, कडुलिंबाचा पाला आणि तूप यांचं धूपन सांगितलंय, पण ते ‘रक्षोघ्न’, म्हणजे राक्षस-भुतं पळवणारं म्हणून, त्यात मच्छर अभिप्रेत होते की नाही ते ठरवता येत नाही. गोवऱ्या, वाळलेला कडुलिंब किंवा निर्गुडीचा धूर मैदानावर आजही करतात, मच्छर थोडे हटतात हे खरं, पण वारा फिरला की उपयोग संपतो आणि भट्टीपाशी आधीच धूर खाणाऱ्या आचाऱ्याच्या छातीत आणखी धूर जातो. त्यापेक्षा मोठा पंखा बरा, मच्छर जोराच्या वाऱ्यात नीट उडू शकत नाही. पावसाळ्यात हॅलोजनवर येणारी पाखरं पिवळसर लाईट लावला की कमी होतात.

कुठलंही सुगंधी तेल नुसतं लावू नये, आग होते, पुरळ येतो, खोबरेलात थोडंच मिसळून आधी मनगटावर लावून पाहावं. लिंबाच्या सालीचं तेल लावून उन्हात गेलं तर चामडी भाजते. तेल लावलेले हात भट्टीपाशी नकोत. तीन वर्षांखालच्या लेकरांना पीएमडी लावत नाहीत, आणि मंडपामागे सतरंजीवर झोपवलेली लेकरं बरेचदा त्याच वयाची असतात, त्यांना मच्छरदाणीच लावावी.