क्रीकचा आंबटपणा येतो कुठून?

पहिल्या घोटाला गाल आत ओढले गेले. कच्ची कैरी दाताखाली आल्यावर होतं तसं: जबड्याच्या कोपऱ्यात कळ आली आणि मागोमाग तोंडाला पाणी सुटलं. दुसऱ्या घोटापर्यंत जीभ सावरली होती, तेव्हा कुठे चेरी लागली. तिच्यामागून कडू बदामाचा वास आला, आणि अगदी शेवटी ओल्या लाकडाचा, गोठ्यातल्या वाळल्या गवताचा असा एक वास, जो बिअरमध्ये सापडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

ही बिअर म्हणजे क्रीक. फ्लेमिश बोलीत क्रीक म्हणजे आंबट चेरी. ब्रसेल्सच्या मिदी रेल्वे स्थानकापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर, आंडरलेख्त भागातल्या एका साध्या गल्लीत कांतियों नावाची छोटी ब्रुअरी आहे. 1900 साली पॉल कांतियों यांनी ती सुरू केली आणि आज त्यांच्याच नात्यातलं व्हान रॉय कुटुंब ती चालवतं. 1978 पासून हा चालता कारखाना संग्रहालय म्हणून लोकांना खुला आहे. आपण जिने चढायचे, पिंपांच्या ओळींमधून हिंडायचं आणि शेवटी खाली येऊन चव घ्यायची. कोळिष्टकं दिसली तर नाक मुरडायचं नाही, ती मुद्दाम ठेवलेली असतात. फळांचा वास काढत येणाऱ्या चिलटांच्या अंगावर व्हिनेगर करणारे जिवाणू असतात, आणि कोळी ती चिलटं खातात. पिंपांच्या खोलीत कीटकनाशक मारायचं नाही असं ठरल्यावर कोळ्यांइतका चोख पहारेकरी दुसरा नाही.

मी सरळ धरून चाललो होतो की चेरी आंबट, म्हणून बिअर आंबट. तो समज तिथेच, टेबलाशी उभ्या उभ्या मोडला. कारण क्रीकच्या आधी हातात आलं होतं ते नुसतं लांबिक, म्हणजे चेरी घालण्याआधीची मूळ बिअर. फिक्या सोनेरी रंगाचं, जवळजवळ बिनफेसाचं, चेरीचा स्पर्शही न झालेलं. आणि ते क्रीकइतकंच आंबट होतं. थोडं जास्तच म्हणा.

मग आंबटपणा आला कुठून? याचं अर्धं उत्तर आपल्या भाषेत आधीच आहे. आपण पीठ 'आंबवतो', ताक 'आंबतं', भात 'आंबला' म्हणतो. शाळेच्या पुस्तकात या क्रियेला किण्वन म्हणतात, पण घरातला शब्द आंबणं हाच, आणि त्यात चव आधीच सांगितलेली आहे. युरोपातल्या बहुतेक बिअरनी मात्र ही चव गेल्या दीडशे वर्षांत निग्रहाने बाहेर काढली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हॅन्सन यांनी 1883 मध्ये यीस्टच्या एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध वाण बिअरसाठी वापरात आणलं. तेव्हापासून बिअर करणं हे दही लावण्यासारखं झालं: दूध तापवा, कोमट करा, आपल्या खात्रीचं विरजण घाला आणि बाहेरचं काही आत जाऊ देऊ नका.

लांबिक याच्या उलट वाटेने जातं. त्याची रीत आंबोळीच्या पिठाची. तांदूळ-उडीद भिजवून वाटून ठेवलं की विरजण न घालताही सकाळी पीठ फुगतं, कारण डाळीवर, भांड्यावर, हातावर जे जिवाणू असतात तेच कामाला लागतात. फरक एवढाच की आंबोळीला एक रात्र पुरते आणि लांबिकला दोन-तीन वर्षं लागतात.

सुरुवात धान्यापासून होते. साधारण दोन भाग मोड आणून वाळवलेली बार्ली आणि एक भाग मोड न आणलेला कच्चा गहू. त्याचा गोड काढा हॉप्सबरोबर, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांबरोबर, कित्येक तास उकळतात. हे हॉप्सही ताजे नसतात, दोन-तीन वर्षं जुने असतात. त्यांचा कडवटपणा आणि सुगंध बराचसा उडून गेलेला असतो, पण काही जिवाणूंना आवर घालण्याची ताकद शिल्लक असते, आणि ब्रुअरला तेवढीच हवी असते. मग हा कढत काढा माळ्यावर चढवतात आणि छपराखालच्या एका प्रचंड, उथळ तांब्याच्या परातीत ओततात. छपराच्या झडपा उघड्या ठेवतात. रात्रभर वाफ बाहेर जाते, थंड हवा आत येते, आणि सकाळपर्यंत काढा वीस अंशांच्या आसपास निवतो. त्या रात्रीत हवेतून, तुळयांवरून काय पडायचं ते पडतं. पुढे काढा लाकडी पिंपांत भरला की पिंपाच्या छिद्राछिद्रांत मागच्या खेपांपासून दडून बसलेले सूक्ष्मजीवही त्याला येऊन मिळतात.

यासाठी रात्र गार हवी. हिवाळ्यात पीठ फुगत नाही म्हणून आपण पातेल्याला गोधडी गुंडाळतो. इथे थंडीच हवी, कारण उबदार रात्री काढा वेळेत निवत नाही आणि उन्हाळी हवेतून नको त्या जिवाणूंची झुंबड येते. म्हणून हे काम साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच चालतं.

पिंपाचं बूच बसल्यावर आत जे घडतं, तो मला या सगळ्यातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. ब्रसेल्समधल्याच एका पारंपरिक ब्रुअरीच्या पिंपांतून बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी दोन वर्षं नमुने काढले आणि 2014 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की पिंपात सगळे एकदम नांदत नाहीत, पाळ्या लागतात.

पहिला महिना आतड्यातल्या जिवाणूंच्या भाऊबंदांचा, एंटेरोबॅक्टेरियांचा. हे सोपी साखर खातात आणि उग्र वास सोडतात. त्या वेळी पिंपातलं कोणी तोंडाला लावणार नाही. पण जसजसं आम्ल आणि अल्कोहोल वाढतं तसतसे ते स्वतःच मरतात. दुसऱ्या महिन्यापर्यंत सॅकरोमायसिस, म्हणजे पावाचं आणि नेहमीच्या बिअरचं यीस्ट, जोर धरतं आणि बहुतेक अल्कोहोल तेच करतं. त्याच्या बरोबरीने येतो पेडिओकॉकस डॅम्नोसस. नावातला डॅम्नोसस हा लॅटिन शब्द, अर्थ नुकसान करणारा. साध्या बिअरच्या कारखान्यात हा शिरला तर माल फेकावा लागतो. इथे मात्र माझ्या जबड्यात कळ आणणारा तो हाच. तो साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतो, दह्यात असतं तेच.

पेडिओकॉकसची एक खोड आहे. मध्येच तो लांबलचक साखळ्यांची चिकट शर्करा सोडायला लागतो आणि पिंपातल्या बिअरला चक्क तार सुटते. शिळ्या आमटीला सुटते तशी. ब्रुअर म्हणतात, बिअर आजारी पडली. ते काही औषध करत नाहीत, थांबतात. कारण सहा महिन्यांच्या सुमारास तिसरी पाळी सुरू होते आणि येणारा पाहुणा ही तारसुद्धा खाऊन टाकतो.

त्या पाहुण्याचं नाव ब्रेटॅनोमायसिस. हेही यीस्टच, पण संथ आणि चिवट. कार्ल्सबर्गमधल्याच नील्स येल्टे क्लाउसन यांनी 1904 मध्ये इंग्लिश बिअरमधल्या या यीस्टची ओळख जगाला करून दिली, म्हणून नावाचा अर्थ 'ब्रिटिश बुरशी'. पुढे 1921 मध्ये याच्या एका जातीला ब्रसेल्सवरून ब्रुक्सेलेन्सिस असं नाव मिळालं. हॅन्सन यांचं शुद्ध यीस्ट आणि हे रानटी यीस्ट, दोघांची ओळख कार्ल्सबर्गमधूनच झाली याचं मला फार कौतुक वाटतं. इतर यीस्टना न पचणाऱ्या लांब साखळ्यांच्या शर्करा ब्रेटॅनोमायसिस पचवतं, लाकडातून निघणारी सेलोबायोजसुद्धा. त्यामुळे मुरलेल्या लांबिकमध्ये साखर जवळपास उरत नाही. वर ते सायीसारखा पापुद्रा धरतं, त्यामुळे बिअरला हवा कमी लागते आणि तिचं व्हिनेगर होणं टळतं. मला आलेला गोठ्याचा वासही त्याचाच. धान्यातल्या फिनॉलिक आम्लांपासून ते इथिलफिनॉलसारखी संयुगं बनवतं. वाइनवाले याच वासाने हवालदिल होतात. लांबिकमध्ये मात्र तो नसेल तर जाणकारांना चुकल्यासारखं वाटतं.

आता चेरी. परंपरेने ती ब्रसेल्सच्याच स्खारबेक भागातली. एके काळी तिथून गाढवांवर लादून चेरी शहरातल्या बाजारात यायची, म्हणून स्खारबेकला आजही गाढवांचं गाव म्हणतात. आता तिथे घरं झाली, झाडं थोडी उरली आणि बहुतेक चेरी बाहेरून येते. ही खायची गोड चेरी नव्हे. गोड चेरीचा स्टेप चेरी नावाच्या झुडपाशी संकर होऊन निसर्गात तयार झालेली ही आंबट जात, प्रुनस सेरॅसस.

जुलैत ही चेरी दीड-दोन वर्षं मुरलेल्या लांबिकमध्ये पडते. कांतियोंमध्ये प्रमाण लिटरला सुमारे 200 ग्रॅम. फळाची साखर मिळताच पिंपातलं झोपी गेलेलं यीस्ट पुन्हा उसळतं. या वेळी बूच घट्ट लावलं तर पिंप फुटेल, म्हणून तोंडावर नुसता कागद ठेवतात. पुढे चेरी काही महिने बियांसकट आत राहते, आणि तो बदाम त्या बियांतून येतो. चेरीच्या बीत अमिग्डालिन असतं. ते फुटलं की बेंझाल्डिहाइड सुटतं, आणि कडू बदामाचा वास म्हणजे नेमका हाच रेणू. त्याबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतं, पण बिअरमध्ये त्याचं प्रमाण इतकं क्षुल्लक असतं की पिणाऱ्याला त्याची भीती नाही.

रंग बघून मला सोलकढी आठवली होती. तीही आठवण अगदीच वाट चुकलेली नव्हती. चेरीचा लाल आणि कोकमाचा लाल, दोन्ही सायनिडिन घराण्यातल्या अँथोसायनिनचे. हे रंगद्रव्य आम्लात लाल राहतं आणि अल्कलीत निळं पडतं, म्हणून कोकमाच्या डागाला साबण लागला की डाग काळानिळा होतो. पेडिओकॉकसने आधीच बिअर इतकी आंबट करून ठेवलेली असते की चेरीचा लाल तिथे ठणठणीत टिकतो. चेरी स्वतःचं मॅलिक आम्लही आणते, पण त्यातलं बरंचसं जिवाणू मवाळ अशा लॅक्टिक आम्लात बदलतात. चेरीने रंग दिला, वास दिला, यीस्टला खाऊ दिला, आणि आंबटपणात भर घातली ती थोडीच.

उरला प्रश्न जबड्यातल्या कळेचा. नेहमीच्या बिअरचा सामू, म्हणजे पीएच, साधारण साडेचारच्या खाली असतो. लांबिकचा साडेतीनच्या आसपास. आकड्यात एकचा फरक म्हणजे हायड्रोजन आयन दहापट. जिभेवरच्या आंबट ओळखणाऱ्या पेशी हे आयन आत घेतात ते नेमकं कुठल्या दारातून, हे मात्र फार उशिरा कळलं. 2018 मध्ये एमिली लिमन यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने ओटॉप1 नावाचं प्रथिन शोधलं, आणि पुढच्याच वर्षी उंदरांवर सिद्ध झालं की आंबट चवीला हेच दार लागतं. आयन आत शिरले की पेशी मेंदूला कळवते आणि लाळग्रंथी धो-धो लाळ सोडतात. लाळेतलं बायकार्बोनेट आम्ल मारतं. माझा दुसरा घोट सौम्य लागला त्याचं एक कारण हे.

बाजारात क्रीक नावाच्या गोड, लालभडक बिअर पुष्कळ मिळतात. त्यात रस आणि साखर घातलेली असते. त्या वाईट नसतात, पण वर लिहिलेलं काही त्यांतून कळायचं नाही. लेबलवर डच भाषेत 'आउडं क्रीक', म्हणजे जुनी क्रीक, असं असेल तर ती पारंपरिक. युरोपीय संघाने 1997 पासून या नावाला संरक्षण दिलं आहे.

निघण्याआधी मी पुन्हा एकदा माळ्यावर गेलो. सप्टेंबर होता, परात कोरडी होती. 2015 च्या नोव्हेंबरात रात्री इतक्या उबदार राहिल्या की कांतियोंला काम मध्येच थांबवावं लागलं होतं. कांतियोंचे ब्रुअर ज्यां व्हान रॉय सांगतात की त्यांच्या आजोबांच्या काळी हा हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत चालायचा. मी कठड्यावरून वाकून बघितलं. तांब्यावर सुकलेल्या काढ्याची फिकट वर्तुळं होती, आणि छपराच्या झडपांतून येणारी हवा अजून कोमट होती.