डी ड्राइव्हमध्ये ठेवलं म्हणजे बॅकअप झाला?

'फॉरमॅट मारताना फक्त सी ड्राइव्ह पुसला जातो. फोटो डीमध्ये टाका, बॅकअप नको,' हा सल्ला आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. तो निराधार नाही. विंडोज नव्याने टाकताना नेमकं सीचंच पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) निवडलं, तर डी शाबूत राहतो.

पण घरच्या बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग असतात. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. 'डिस्क 0'च्या ओळीत दोन्ही दिसले, तर डिस्क एकच. ती बिघडली की दोन्ही जाणार. इन्स्टॉलच्या पडद्यावर तर सी, डी अशी अक्षरंच नसतात, नुसते पार्टिशन 1, 2, 3 आणि त्यांची साइज. 'डिलीट' चुकीच्या ओळीवर दाबलं जाणं किती सोपं!

शिवाय डेस्कटॉप आणि डाउनलोड्स सहसा सीमध्येच असतात. आमच्या शेजारच्या काकूंचे नातवाच्या बारशाचे फोटो डेस्कटॉपवरच होते.

म्हणून सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाइल्स खरंच उघडून बघा, आणि इन्स्टॉल संपेपर्यंत ती काढून ठेवा.