फिलिपिनो साहित्य: लेखक एका भाषेत, वाचक दुसऱ्या

ऑक्टोबर २०२५ मध्ये फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळाव्यात फिलिपिन्स हा सन्माननीय पाहुणा देश होता. भारताला हा मान १९८६ आणि २००६ असा दोनदा मिळालेला आहे. मराठी माणसाला फिलिपिन्स म्हटलं की मॅगसेसे पुरस्कार आठवतो. विनोबांना तो पहिल्याच वर्षी, १९५८ साली मिळाला, बाबा आमट्यांना १९८५ साली. पण त्या देशातल्या दोन लेखकांची नावं सांगा म्हटलं तर आपली गाडी बहुधा रिझाल या कादंबरीकारापाशी अडते. तिथल्या लेखकांनी काय लिहिलं आणि ते कुणी वाचलं, याची ही पार्श्वभूमी.

तिथली पाठ्यपुस्तकं हा इतिहास राज्यकर्त्यांनुसार कापतात: स्पॅनिशांपूर्वीचा काळ, स्पॅनिश काळ, अमेरिकन काळ, जपानी काळ आणि मग स्वातंत्र्यानंतरचा. सोयीची विभागणी आहे, पण ती वाचल्यावर हाती लागते फक्त नावांची यादी. त्यापेक्षा प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा: लिहिणाऱ्याची भाषा आणि ऐकणाऱ्या-वाचणाऱ्याची भाषा एक होती का? बऱ्याचदा नव्हती, आणि बरंचसं नाट्य त्यातूनच घडलं.

सर्वांत जुना लिखित पुरावा आपल्याला चकित करणारा आहे. १९८९ च्या सुमारास मनिलाजवळच्या लगुना भागात वाळू उपसताना एक पातळ ताम्रपट सापडला. त्यावरची तिथी कुठलाही मराठी माणूस पंचांगाशिवाय समजेल: शके ८२२, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. लिपी जावातली कावी, भाषा जुनी मलय, मध्ये मध्ये संस्कृत शब्द. मजकूर म्हणाल तर चक्क फारखत आहे. नामवरान नावाच्या माणसाच्या डोक्यावरचं सोन्याचं कर्ज, एक काटी आणि आठ सुवर्ण इतक्या वजनाचं, माफ झालं असून त्याच्या मुलाबाळांवर त्याचा बोजा नाही, असं त्यात नोंदवलंय. याला साहित्य म्हणता येणार नाही. पण स्पॅनिश जहाजं येण्याच्या सहाशे वर्षं आधी या बेटांवर लेखी व्यवहार होता, एवढं त्यातून पक्कं होतं.

खरं साहित्य होतं ते तोंडी. लुझोन बेटाच्या उत्तरेकडच्या डोंगरात, भाताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत राहणाऱ्या इफुगाव लोकांमध्ये 'हुडहुड' गायलं जातं. गाणाऱ्या मुख्यतः बायका, आणि प्रसंग भातकापणीचा किंवा मयताच्या जागरणाचा. दक्षिणेला मिंडानावमधल्या मरानाव मुसलमानांचं 'दारांगेन' हे महाकाव्य बहात्तर हजार ओळींचं आहे. त्याच मरानाव लोकांकडे 'महारादिया लावना' नावाची एक कथा निघाली. १९६८ साली हुआन फ्रान्सिस्को या अभ्यासकाला ती लनाव सरोवराच्या परिसरात मिळाली. लावना म्हणजे रावण. रामाच्या जागी मंगनदिरी नावाचा राजपुत्र आहे आणि हनुमानाचं काम करणाऱ्या माकडाचं नाव आहे लक्षमाना, वर तो मंगनदिरीचा मुलगा! आपल्याकडच्या कीर्तनकाराला घाम फुटेल, पण तिथे पिढ्यान् पिढ्या हीच कथा बिनबोभाट चालत आली.

बायबायिन ही ब्राह्मीच्या कुळातली लिपी लुझोनमध्ये घराघरांत वापरात होती. पेद्रो चिरिनो या जेझुइट पाद्र्याने १६०४ साली लिहिलंय की, लिहिता-वाचता न येणारा पुरुष किंवा बाई इथे विरळाच. मात्र ही माणसं बांबूवर, पानांवर चिठ्ठ्या-निरोप लिहीत, पोथ्या नाही. मिशनऱ्यांनी सगळं जाळलं, असं तिथे सर्रास सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. १५९३ साली मनिलात छापलेल्या 'दोक्त्रिना क्रिस्तियाना' या पहिल्या पुस्तकांपैकी एकात ख्रिस्ती प्रार्थना स्पॅनिश आणि तागालोग (मनिलाच्या परिसरातली बोलीभाषा) अशा दोन्ही भाषांत आहेत आणि तागालोग मजकूर रोमनसोबत बायबायिनमध्येही छापलेला आहे. लाकडी ठशांवरून छापलेल्या या पुस्तकाची ज्ञात अशी एकच प्रत उरली आहे, ती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. लिपी मागे पडली ती मुख्यतः रोमन अक्षरं जास्त उपयोगी पडू लागली म्हणून.

स्पॅनिशांनी १५६५ ला बस्तान बसवलं, १५७१ ला मनिला राजधानी केली आणि तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं. तरी स्पॅनिश भाषा सामान्य माणसापर्यंत पोचलीच नाही. पाद्री मंडळींनीच स्थानिक भाषा शिकून घेतल्या. मधला दुभाषा आपणच राहावं, यात त्यांचा फायदा होता. गोव्यातही त्याच सुमारास हेच चाललं होतं. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचं. फिलिपिन्समध्ये मात्र ख्रिस्ताच्या यातनांचं तागालोग काव्य एका स्थानिक माणसाने रचलं. छापखान्यात काम करणाऱ्या गास्पार आकिनो दे बेलेन याचं 'पासियोन' अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. पवित्र आठवड्यात हे काव्य दिवसरात्र गाऊन संपवायचं, ही प्रथा आजही आहे. रेनाल्दो इलेतो या इतिहासकाराने १९७९ मध्ये एक मुद्दा मांडला आणि तो पुढे गाजला: शेतकऱ्यांना छळ, विश्वासघात, बलिदान आणि मुक्ती यांची भाषा या पासियोनमधूनच मिळाली आणि बंडाच्या वेळी त्यांनी तीच वापरली. राज्यकर्त्यांनी लोकांना मुकाट सोसायला शिकवावं म्हणून दिलेलं पुस्तक असं उलटलं.

त्याच वाटेने कवी फ्रान्सिस्को बालाग्तास (१७८८–१८६२) आला. 'फ्लोरान्ते आत लौरा' १८३८ चं, चार ओळींची ३९९ कडवी, प्रत्येक ओळ बारा अक्षरांची. कथा घडते अल्बानियात. राजपुत्र झाडाला बांधलेला, राज्य दुष्टाच्या हाती. पण "माझ्या दुर्दैवी देशात आत-बाहेर फितुरीचं राज्य आहे" अशा आशयाची कडवी मनिलात ऐकणाऱ्यांना अल्बानियाची वाटली असतील असं नाही. सेन्सॉरला मात्र त्यात मूर म्हणजे मुसलमान आणि ख्रिश्चन यांची नेहमीची गोष्ट दिसली. रिझालपाशी या काव्याची प्रत असे. आजही शाळेत ते नेमलेलं आहे, आणि पाठ करून करून मुलांना त्याचा कंटाळाही येतो.

लेखक-वाचकांतली दरी सर्वांत रुंद दिसते ती होसे रिझालच्या बाबतीत. १८६३ नंतर शिक्षण थोडं खुलं झालं, खात्यापित्या घरांतली मुलं माद्रिद-बार्सिलोनाला शिकायला गेली. तिथे त्यांनी १८८९ मध्ये 'ला सोलिदारिदाद' हे पाक्षिक काढलं. रिझाल व्यवसायाने डोळ्यांचा डॉक्टर. त्याची 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी मार्च १८८७ मध्ये बर्लिनला छापून निघाली, २,००० प्रती. खिसा रिकामा होता. माक्सिमो विओला या मित्राने ३०० पेसो उसने दिले म्हणून छपाई झाली. दुसरी कादंबरी 'एल फिलिबुस्तेरिस्मो' १८९१ मध्ये बेल्जियममधल्या गेंटला निघाली, तीही मित्राच्याच पैशाने. ती अर्पण केली आहे १८७२ साली देहदंड झालेल्या गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन पाद्र्यांना.

'नोली'मधली सिसा विसरता येत नाही. जुगारी नवरा, दोन लहान मुलं. ती चर्चमध्ये घंटा वाजवायचं काम करतात आणि त्यांच्यावर चोरीचा आळ येतो. घरी ताटात वाढून ठेवलेलं चांगलंचुंगलं जेवण नवराच येऊन फस्त करतो, रात्री थोरला मुलगा एकटाच जखमी होऊन येतो, धाकटा येतच नाही. पुढे शिपाई तिला भर रस्त्यातून धरून नेतात आणि तिला वेड लागतं. नायक इबारा सुधारणांवर लांबलचक बोलतो, पण पुस्तक खरं पेटतं ते सिसाच्या प्रकरणांत.

आता विरोधाभास बघा. कादंबरी स्पॅनिशमध्ये, छापली जर्मनीत, आणि ज्या शेतकऱ्यांविषयी ती आहे त्यांना स्पॅनिश येत नव्हतं. सांतो तोमास विद्यापीठाच्या समितीने ती धर्मबाह्य ठरवली, सेन्सॉरने बंदीची शिफारस केली, प्रती चोरून आल्या. ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांनाही बंदीमुळे नाव कळलं. रिझालचा सहकारी मार्सेलो देल पिलार याने हा तिढा जास्त ओळखला होता, असं माझं मत. त्याने तागालोगमध्ये प्रार्थनांची विडंबनं लिहिली. 'स्वर्गातल्या आमच्या बापा'च्या जागी मठात बसलेला पाद्री. ती समजायला शाळेत जायची गरजच नव्हती, कारण मूळ प्रार्थना सगळ्यांना तोंडपाठ.

३० डिसेंबर १८९६ ला, पस्तिसाव्या वर्षी, रिझालला गोळ्या घातल्या. आदल्या दिवशी भेटायला आलेल्या त्रिनिदाद या बहिणीला त्याने एक छोटी स्पिरिटची शेगडी दिली आणि आत काहीतरी आहे, असं हळूच सांगितलं. पहारेकऱ्यांना कळू नये म्हणून ते वाक्य इंग्रजीत होतं. आत चौदा कडव्यांची निरोपाची कविता होती, बिनशीर्षकाची, बिनसहीची. क्रांतिकारक बोनिफासियोने तिचं तागालोग केलं.

इंग्रजी लवकरच सगळ्यांवर आली. १८९८ च्या तहात स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन ही बेटं अमेरिकेला दिली आणि ऑगस्ट १९०१ मध्ये 'थॉमस' नावाच्या बोटीने पाचशेहून जास्त अमेरिकन शिक्षक मनिलात उतरवले. त्याच वर्षी राजद्रोहाचा कायदाही झाला. त्याला तोंड दिलं नाटकवाल्यांनी. औरेलियो तोलेंतिनोच्या १९०३ च्या 'काल, आज आणि उद्या' या अर्थाच्या शीर्षकाच्या नाटकावरून त्याला अटक झाली. या काळातल्या नाटकांत पात्रांच्या कपड्यांचे रंग असे निवडत की, एका क्षणी नट रांगेत उभे राहिले की रंगमंचावर फिलिपिनो झेंडा तयार व्हायचा. संवाद तपासणाऱ्याला संहितेत काहीच सापडायचं नाही.

इंग्रजीने मूळ धरलं ते आश्चर्य वाटावं इतक्या झपाट्याने. शिक्षक उतरल्यावर अवघ्या चोवीस वर्षांत, १९२५ साली, पास मार्केस बेनितेस यांची 'डेड स्टार्स' ही कथा आली आणि फिलिपिनो लेखकाची पहिली आधुनिक इंग्रजी कथा म्हणून मान्य झाली. होसे गार्सिया विया याने कला कलेसाठी असा झेंडा लावला. त्याच्या कवितांबद्दल विद्यापीठाने १९२९ मध्ये त्याला निलंबित केलं, तो अमेरिकेला गेला. त्याच्या विरुद्ध टोकाला साल्व्हादोर लोपेस उभा राहिला: 'साहित्य आणि समाज' या निबंधांना १९४० मध्ये सरकारी पारितोषिक मिळालं. आपल्याकडच्या फडके-खांडेकर वादाची आठवण व्हावी असा हा झगडा.

विद्यापीठाबाहेर मात्र वेगळंच चाललं होतं. ६ एप्रिल १९२४ ला मनिलाच्या तोंदो भागात होसे कोराझोन दे हेसुस आणि फ्लोरेंतिनो कोल्यांतेस या दोन कवींचा पद्यातला वादविवाद रंगला. बालाग्तासच्या नावावरून त्याला 'बालाग्तासन' म्हणू लागले आणि त्याचं लोण देशभर पसरलं. १९२२ ला निघालेलं 'लिवायवाय' हे साप्ताहिक क्रमशः कादंबऱ्यांवर घरोघरी पोचलं. इंग्रजी कथासंग्रहांना समीक्षक मिळाले, तागालोग साप्ताहिकांना वाचक.

जपानी ताब्याची तीन वर्षं (१९४२–४५) क्रूर होती, पण इंग्रजीवर दाब आल्याने तागालोग कथेला जोर आला, हेही खरं. १९४३ च्या निवडक पंचवीस कथांचं पुस्तक अजून वाचलं जातं.

स्वातंत्र्य १९४६ चं. दहा वर्षांनी रिझालच्या दोन्ही कादंबऱ्या विद्यार्थ्यांना सक्तीच्या करणारा कायदा झाला. कॅथलिक चर्चने कडाडून विरोध केला, शेवटी धार्मिक कारणावरून सूट मागायची सोय ठेवली गेली. तोवर स्पॅनिश वाचणारी पिढी ओसरत चालली होती, त्यामुळे राष्ट्रीय कादंबरी देशाने वाचली ती अनुवादात.

राष्ट्राध्यक्ष मार्कोसने सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा लावला. १९७३ मध्ये सरकारच्या मर्जीतल्या 'फोकस' मासिकात रुबेन कुएव्हास या नावाने 'प्रॉमिथियस अनबाउंड' ही साळसूद इंग्रजी कविता छापून आली. ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली की मोर्च्यांतली घोषणा निघे: मार्कोस, हिटलर, हुकूमशहा, पाळीव कुत्रा. अंक परत गोळा करायची धावपळ झाली. कवी होता होसे लाकाबा. पुढे तो पकडला गेला, त्याचा छळ झाला. निक होआकिन या लेखकाला १९७६ मध्ये 'राष्ट्रीय कलावंत' हा किताब देऊ केला तेव्हा त्याने अट घातली: लाकाबाला सोडा. सुटका झाली.

याच काळावरची लुआल्हाती बाउतिस्ता यांची 'देकादा सेव्हेंटी' (१९८३) मला या सगळ्या प्रवासात महत्त्वाची वाटते. पाच मुलगे असलेली मध्यमवर्गीय आई आमांदा ही गोष्ट सांगते. तिचा एक मुलगा भूमिगत होतो, एक मारला जातो, आणि नवऱ्याची मतं हीच आपली मतं असं मानणारी ही बाई हळूहळू बोलायला लागते. भाषा मनिलाच्या घरांत बोलतात तशी, तागालोगात इंग्रजी मिसळलेली. इथे लेखिका, पात्र आणि वाचक तिघं एकाच भाषेत आहेत.

पण हे समाधान मनिलापुरतंच. देशात दीडशेहून जास्त भाषा आहेत. १९३७ मध्ये राष्ट्रभाषेचा पाया म्हणून तागालोग निवडली, १९८७ च्या घटनेत तिचं नाव 'फिलिपिनो' झालं, आणि सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनोन लेखकांची तक्रार तेव्हापासून चालूच आहे. इलोकानो कवयित्री लिओना फ्लोरेंतिनो (१८४९–१८८४) रिझालच्या आधीची, पण शालेय पुस्तकांत तिला जेमतेम परिच्छेद. पहिली तीन-चार वर्षं मातृभाषेतून शिकवायचं धोरण २०१२ च्या सुमारास आलं, तेव्हा या भाषांत बालपुस्तकं निघू लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या कायद्याने ती सक्ती काढली. आता माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी, बाकीच्या भाषा मदतीपुरत्या.