गाईचा ढेकर आणि माझा कोरा चहा

पोळ्याच्या जेवणात काकू पुरणपोळीवर तूप वाढायला आल्या आणि मी हात आडवा धरला. "दूध नाही, दही नाही, आता तूपबी नाही! मंग खातं तरी काय बाबू तू?" पंगतीत मला धड सांगता आलं नाही. त्याच संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'गाय श्वासातून ऑक्सिजन सोडते' हा जुना मजकूर परत फिरला, म्हणून लिहायला बसलो.

गाय आपल्यासारखीच ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. ऑक्सिजन तयार करायला हरितद्रव्य लागतं, ते तिच्या फुफ्फुसात नाही. तिच्या तोंडावाटे आणखी एक वायू मात्र निघतो, पृथ्वी तापवणारा मिथेन. माझं दूध सुटलं ते मुख्यतः त्याच्यामुळे.

रवंथ करणाऱ्या गाईच्या डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात मूठ दाबून धरा. मिनिटाला एक-दोनदा आतून संथ लाट येऊन मूठ उचलते. तो पोटाचा पहिला कप्पा, रुमेन. मोठ्या जनावरात तो शंभर लिटरच्याही वर असतो. कडबा, कुटार पचवायची ताकद गाईत स्वतःमध्ये नाही. ते काम इथले सूक्ष्मजीव करतात, तेही ऑक्सिजनशिवाय. ते चारा आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लं तयार होतात. गाय जगते ती बरीचशी या आम्लांवर.

खरी गंमत पुढे आहे. अ‍ॅसेटिक आणि ब्युटिरिक आम्ल बनताना हायड्रोजन उरतो. तो साचला तर आंबवणंच मंदावेल. मग आर्किया नावाचे जीव तो उचलतात. ते दिसतात जिवाणूंसारखे, पण त्यांचं कूळ वेगळं, हे कार्ल वूज यांनी 1977 मध्ये दाखवलं. हायड्रोजनचे चार रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक मिळून मिथेनचा एक रेणू आणि पाण्याचे दोन तयार होतात. गोबर गॅसच्या टाकीत मिथेन बनवतात ते याच कुळातले जीव. तिथला गॅस आपण जाळतो, इथला गाय ढेकर देऊन हवेत सोडते. ढेकर अडला तर पोटफुगीने जनावर दगावतं, हे गोठ्यात वावरलेल्याला सांगायला नको.

प्रोपिऑनिक आम्ल बनताना उलट हायड्रोजन खर्ची पडतो. मक्याच्या भरड्यावर ते जास्त बनतं, कडब्या-कुटारावर अ‍ॅसेटिक जास्त. म्हणून कुटारावर जगणाऱ्या, थोडं दूध देणाऱ्या आपल्या गाईचा लिटरमागचा मिथेन जास्त भरतो. यात गाईचा काहीच दोष नाही, गवत पचवण्याची ती किंमत आहे.

शंभर वर्षांचा हिशेब धरला तर वजनाला वजन मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापवतो. पण हवेत तो साधारण 12 वर्षंच टिकतो, म्हणजे आज कमी केला तर फरक आपल्या हयातीत दिसेल. 2019 च्या पशुगणनेत देशात गाई-म्हशी मिळून 30 कोटींवर भरल्या. आर्कियाची मिथेन बनवण्याची शेवटची पायरी रोखणारं 3-एनओपी हे औषध निघालं आहे, पण ते रोज चाऱ्यात मिसळावं लागतं. रानात चरायला जाणाऱ्या गुरांना कसं देणार?

दुसरं कारण साधं आहे. दुधासाठी गाय पुन्हा पुन्हा व्यायली पाहिजे, आणि ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला शेतात काम उरलं नाही. बाजारात दोरीला बांधलेले गोऱ्हे पाहिले की माझ्याच्याने चहात दूध घालवत नाही. ज्या बाईचं घर एका म्हशीवर चालतं तिला मी हे सांगणार नाही. पिशवीचं दूध विकत घेणाऱ्यांना जरूर सांगेन.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच वावरात आहे: तूर, हरभरा, सोयाबीन, तीळ, जवसाची चटणी. मात्र दूध सोडल्याने शुगर किंवा कॅन्सर बरा होतो, या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका. आणि बी-12 हे जीवनसत्त्व वावरात पिकत नाही. ते फक्त जिवाणू आणि आर्किया बनवतात. गाईला ते रुमेनमधून मिळतं, चाऱ्यात कोबाल्ट असला की झालं. आपल्या मोठ्या आतड्यातही ते बनतं, पण शोषणाची जागा त्याच्या आधीच, लहान आतड्याच्या शेवटी असते, त्यामुळे उपयोग शून्य. म्हणून मी बी-12 ची गोळी घेतो, चुकवत नाही.